नांगर कुठे टाकायचा?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक ६७ ते ७०. सोबत ज्ञानेश्वरीतल्या त्याच श्लोकांवरच्या ओव्या.

मंडळी, हे चार श्लोक आपण स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हणून वाचतो, काहीजण रोज म्हणतातही. मीही म्हणतो. पण गेल्या मार्गशीर्षात गीताजयंतीची रात्र मी विजयदुर्गच्या खाडीत, एका मासेमारीच्या बोटीवर काढली आणि तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की या चार श्लोकांत नाव आहे, वारा आहे, रात्र आहे, जागरण आहे आणि शेवटी समुद्र आहे. ६७ सांगतो की भटकणाऱ्या इंद्रियामागे मन गेलं की ते बुद्धीला ओढून नेतं, जसा वारा पाण्यातल्या नावेला नेतो. ६८ म्हणतो, म्हणून ज्याने इंद्रियं आवरली त्याची बुद्धी स्थिर. ६९ म्हणतो, सगळ्यांची जी रात्र, त्यात संयमी जागा असतो. आणि ७० मध्ये समुद्र येतो: सगळीकडून पाणी येतं, तो भरत राहतो, पण आपली मर्यादा सोडत नाही.

आज मला एकच प्रश्न मांडायचाय. मनाला शांतता हवी म्हणून जगापासून थोडं बाजूला होण्याचा हक्क मला किती आहे? शांत जागा शोधणं ही साधना कधी असते आणि पळवाट कधी होते?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. म्हणून आधी माझी चूक सांगतो.

नेहमीच्या वाचकांना माझा दिनक्रम माहीत आहे. पहाटे साडेचारला उठून नामस्मरण, मग वाचन, मग हे लिखाण. आयटीतली नोकरी म्हणजे दिवसभर फोन, चॅट, मीटिंग. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मी एक नियम केला. रात्री दहा ते सकाळी साडेसहा फोन फ्लाइट मोडवर. त्या नियमाबद्दल मी इथे कौतुकाने लिहिलंही होतं. 'घराच्या आतली आळंदी' असं काहीतरी शीर्षक होतं. अनेकांनी कळवलं की आम्हीही असंच सुरू केलंय.

गेल्या श्रावणात आई सांगलीच्या घरी रात्री तीनच्या सुमाराला बाथरूमला जाताना घसरून पडली. लाइट गेलेले, म्हणून हातात मोबाइलचा टॉर्च होता. पडल्यावर तिने त्याच मोबाइलवरून मला दोनदा फोन केला. लागला नाही. साडेचारला मी उठलो, आंघोळ केली, आसनावर बसलो. त्या वेळी ती दीडशे मैलांवर फरशीवर पडलेली होती. सहाला दूधवाला आला, त्याने हाक ऐकली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता ती वॉकर घेऊन चालते.

दवाखान्यात मी विचारलं, "आई, दोनदाच का केलास? करत राहायचं होतंस. ताईला करायचास." ती म्हणाली, "ताईचं बाळ लहान. आणि तू पूजेत असशील म्हटलं, कशाला उगाच..."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

यानंतर चार महिने मी फोन चालू ठेवून झोपायला लागलो. झोप उडाली. ऑफिसचे ग्रुप, बँकेचे मेसेज, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या सूचना, सगळं रात्रभर वाजायचं. नामस्मरणात लक्ष लागेना. एकीकडे अपराधी वाटायचं, दुसरीकडे वाटायचं की मग गृहस्थाने साधना करायचीच नाही का? या अवस्थेत असताना ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "चल, चार दिवस आमच्या गावाला." त्याचं गाव विजयदुर्ग. कोल्हापूर, गगनबावडा, तळेरे असं करत आम्ही एकादशीला दुपारी पोचलो.

विजयदुर्ग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाघोटण नदीची खाडी इथे समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिणेला सिंधुदुर्ग जिल्हा, देवगड तालुका. पलीकडे रत्नागिरी जिल्हा, राजापूर तालुका. मुखाशी दक्षिणेकडून एक चिंचोळा भूभाग पुढे आलाय आणि त्याच्या टोकाला किल्ला. पश्चिमेचा समुद्र किल्ल्यावर आपटतो आणि त्याच्या पूर्वेला, आतल्या बाजूला पाणी शांत असतं. म्हणून शेकडो वर्षं गलबतं इथे आसऱ्याला येत आली.

मित्राच्या काकांची एक मध्यम आकाराची बोट आहे. काका स्वतः तांडेल. त्या दिवशी जेट्टीला बोटींची गर्दी होती, म्हणून त्यांनी आपली बोट रात्रीपुरती खाडीत नांगरायची ठरवली. दोन नेपाळी खलाशी बोटीवरच झोपणार होते. हल्ली कोकणातल्या बऱ्याच बोटींवर नेपाळी मुलं असतात. मी विचारलं, "काका, मी येऊ का रात्री बोटीवर?" त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाले, "ये. पण उलटी करूचंय तर बाहेर कर."

संध्याकाळचे सात वाजले असतील. समुद्राकडून वारा येत होता. मी किल्ल्याच्या तटाकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, तिथे बघा ना, पाणी कसं आरशासारखं आहे. तिथे टाकूया." खरंच तिथे एक लाटही नव्हती. तटाची सावली, वर चंद्र. ध्यानाला बसावं अशी जागा.

काका हसले. "हयसर नको. वारो आता खंयसून येता तां सगळ्यांका दिसता. पहाटे खंयसून येतलो तां बघून नांगर टाकूचो."

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते ऐकताना मला शाळेतला भूगोल आठवला. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. हे आपण मार्कांसाठी पाठ केलं. काकांना त्यावर बोट वाचवायची असते. नांगरलेली बोट एका जागी उभी राहत नाही. ती दोराच्या टोकाला वाऱ्याबरोबर फिरते. संध्याकाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे बोट नांगराच्या पूर्वेला, तटापासून लांब. मध्यरात्रीनंतर वारा पूर्वेचा, म्हणजे तीच बोट नांगराच्या पश्चिमेला, सरळ तटाखालच्या खडकांकडे. शिवाय आत्ता भरती होती. मार्गशीर्षातल्या एकादशीला इथे रात्री आठच्या आत भरती संपते आणि दोनच्या सुमाराला ओहोटी तळाला जाते. एकादशीचं पाणी पौर्णिमेच्या उधाणाइतकं चढत-उतरत नाही, तरी मीटर-दीड मीटर उतरतंच. मी दाखवलेल्या जागी तेव्हा जेमतेम दीड वाव पाणी होतं. दीड वाव म्हणजे पावणेतीन मीटर. रात्री दोनला तिथे बोट टेकली असती.

थोडक्यात, ती जागा शांत होतीच. पण फक्त संध्याकाळी सात वाजता.

पुढचा अर्धा तास मी काकांना जागा निवडताना पाहत होतो. ते कुठलंही तत्त्वज्ञान सांगत नव्हते. चार गोष्टी बघत होते. वारा फिरल्यावर कुठून येणार? पाणी उतरल्यावर किती राहणार? तळाला काय आहे? आणि आजूबाजूला कोण आहे?

तळाचं असं की खडकात नांगर एकतर धरत नाही, नाहीतर असा अडकतो की सकाळी निघत नाही. चिखल किंवा रेती हवी, त्यात नांगराचे दात रुततात. शेवटी त्यांनी खाडीच्या थोडं मध्याकडे, तळाला चिखल असलेली जागा धरली. तीन वाव पाणी, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. त्यात पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंतची उंची दीड मीटर. झाले सात. त्याच्या पाचपट दोर सोडायचा, म्हणजे पस्तीस मीटर. इंजिनियर म्हणून मला कारण लगेच पटलं. दोर आखूड असेल तर बोटीच्या प्रत्येक हिसक्याने नांगर वर उचलला जातो. दोर लांब असेल तर ओढ जमिनीलगत आडवी लागते आणि नांगर आणखी खोल रुततो.

नांगर टाकल्यावर मी आपला सतरंजी पसरायला लागलो. काकांनी इंजिन रिव्हर्समध्ये घातलं. दोर ताणला गेला, बोट एकदा हिसकली आणि थांबली. "नांगर टाकलो म्हंजे लागलो असा नाय," ते म्हणाले. ओढून बघावं लागतं.

हे वाक्य मी त्या रात्री बऱ्याच वेळा मनात घोळवलं. तीन वर्षं मी समजत होतो की माझं चित्त स्थिर झालंय. खरं म्हणजे मी नांगर फक्त टाकला होता. तो कधी ओढून पाहिला नव्हता. ओढ लागली ती श्रावणात, आणि एका रात्रीत सगळं सुटलं.

चौथी गोष्ट, शेजारी कोण. दोर जितका लांब तितकी पकड चांगली, पण तितकंच बोटीचं फिरण्याचं वर्तुळ मोठं. पस्तीस मीटर दोर म्हणजे तेवढ्याच त्रिज्येच्या आसपास सगळीकडे आपली बोट रात्रीत कधीही जाऊ शकते. त्या वर्तुळात दुसरी बोट असेल तर टक्कर. म्हणून आधी नांगरलेल्याचा मान आधी आणि नंतर आलेल्याने त्याचं वर्तुळ सोडून जागा घ्यायची, असा दर्यावर्दी लोकांचा रिवाज. काकांनी दोन बोटींवर हाक मारून किती दोर सोडलाय ते विचारून घेतलं. म्हणजे माझी शांतता नेहमी कुणाच्या तरी शेजारी असते. ती किती जागा व्यापते ते मला माहीत असायला हवं.

याच पाण्यात याचं एक मोठं उदाहरण घडलेलं आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचं आरमार विजयदुर्गच्या आश्रयाला उभं होतं. समुद्राकडून अ‍ॅडमिरल वॉटसनचं इंग्रज आरमार आलं, सोबत रॉबर्ट क्लाइव्हही होता आणि जमिनीवर पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूने होतं. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली. जहाजं जवळजवळ उभी होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सगळं आरमार जळालं. वाऱ्यापासून वाचवणारी जागा होती ती, आगीपासून नव्हे. संकट कुठून येईल याचा आपण एकच अंदाज बांधतो आणि त्यालाच सुरक्षितता म्हणतो. मीही 'गोंगाट' हे एकच संकट धरून माझी जागा निवडली होती. हाकेला ओ न देता येणं हेही संकट असू शकतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं, आणि मन शांत करणारं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आलं. केरळ-तामिळनाडूच्या बोटी खोल समुद्रात होत्या. त्यातल्या ६८ बोटी, ९५२ मच्छीमार घेऊन, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडला सुखरूप लागल्या. ६६ केरळच्या आणि दोन तामिळनाडूच्या. एरवी परराज्यातल्या मोठ्या बोटी इथल्या पाण्यात येतात यावरून स्थानिकांची कायमची तक्रार, आणि ती खोटी नाही. काकाही त्यावर तावातावाने बोलतात. मी त्यांना विचारलं, मग वादळात त्यांना आत कसं घेता? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. वादळात बंदर कुणाचं नसतं, असं काहीसं म्हणाले आणि विडी पेटवली.

रात्री काका होडीने घरी गेले. जाताना मला म्हणाले, "निज तू. एक जागो रवलो तर सगळे निजतत."

झोपलो. जाग आली तेव्हा दीड-दोन वाजले असतील. थंड वारा गालाला लागत होता, पण दुसऱ्या बाजूने. उठून बसलो आणि छातीत धस्स झालं. जेट्टीचे दिवे झोपताना एका बाजूला होते, ते आता भलतीकडेच! वाटलं नांगर सुटला. नाळेकडे गेलो तर दोघांतला धाकटा खलाशी, असेल वीस-बावीस वर्षांचा, कांबळं गुंडाळून बसलेला. एक हात ताणलेल्या दोरावर. तो हसला. त्याने हिंदीत सांगितलं की काही नाही, वारा फिरला, बोट फिरली. नांगर घसरायला लागला तर दोर हाताला थरथरतो, आत्ता बघा कसा शांत आहे. माझा हात धरून त्याने दोरावर ठेवला. खरंच, ताण होता पण थरथर नव्हती. मग त्याने किनाऱ्यावरचे दोन दिवे दाखवले, एक पुढचा आणि एक त्याच्या मागचा. हे दोन्ही एका रेषेत दिसतायत तोवर आपण जागेवर आहोत. बोट फिरून स्थिरावली की पुन्हा नवी जोडी धरायची. बस्स.

चंद्र मावळतीला आला होता. मी संध्याकाळी पसंत केलेल्या जागेकडे पाहिलं. पाणी उतरलं होतं आणि तटाखाली काळे दगड उघडे पडले होते. त्यांच्यावर पाणी चुळचुळत होतं.

तिथे बसून मला ६७व्या श्लोकावरची ज्ञानेश्वर माउलींची ओवी आठवली. मूळ श्लोकात नाव फक्त पाण्यात आहे. माउली ती किनाऱ्याशी आणतात. त्यांचा भाव असा, की नाव काठाला पोचता पोचता वाईट वाऱ्यात सापडली तर जो धोका टळला होता तोच परत येऊन गाठतो. तसंच, आत्मज्ञानाला पोचलेल्या पुरुषानेही लाडाने इंद्रियांना मोकळं सोडलं तर तो पुन्हा संसारदुःखात सापडतो. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेला हा ग्रंथ. पण विजयदुर्गचा कुठलाही तांडेल याला मान डोलावेल, कारण खोल समुद्रात बोट खडकावर आपटत नाही. ती काठाशी आपटते, आता पोचलो असं वाटतं तिथे.

मी इंद्रियांचे लाड करत नव्हतो असं मला वाटायचं. पण शांततेची गोडी हीसुद्धा एक गोडी आहे. पहाटेची वेळ, उदबत्तीचा वास, कुणाचा फोन नाही. तो लाडच होता, फक्त सोवळ्यातला.

आणि ६९वा श्लोक. सगळ्यांची रात्र ती संयमी माणसाचा दिवस. याचा तात्त्विक अर्थ मोठा आहे, आत्मज्ञानाबद्दलचा आहे, तो मी बदलत नाही. पण त्या मुलाकडे पाहताना वाटलं, संयमी माणूस जागा असतो तो कुणाला जागं न करता. त्याच्या जागण्यामुळे बाकीचे निजतात. मी पहाटे साडेचारला जागा असायचो खरा, पण माझ्या जागेपणाचा कुणाला काय उपयोग होता? माझी आई त्या वेळी जागीच होती, आणि मला ते कळायचा एकही मार्ग मी ठेवला नव्हता.

गंमत बघा. ऑफिसात आमच्या टीमचा ऑन-कॉल रोटा असतो. सर्व्हर पडला तर रात्री तीनला कुणाचा फोन वाजणार हे महिनाभर आधी ठरलेलं असतं. तो उचलत नसेल तर पाच मिनिटांनी पुढच्याचा वाजतो. हे मीच बसवलंय. एका कंपनीच्या बिलिंगसाठी कोण जागं राहणार हे ठरलेलं होतं. आईसाठी ठरलेलं नव्हतं.

आपण वारकरी, 'पुंडलिक वरदे' म्हणून गजर करतो. पुंडलिकाने काय केलं? देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला, अजून उभा आहे. मी उलटं केलं. देवासाठी आईला थांबवलं. आणि तीही बिचारी थांबली, तीन तास, फरशीवर.

आता उरलेला अर्धा प्रश्न. मग फोन सतत चालू ठेवायचा का? जगाच्या प्रत्येक हाकेला ओ द्यायची का? चार महिने ते करून पाहिलं, सांगितलंच. ती साधना नाही आणि सेवाही नाही. नांगर न टाकता रात्रभर इंजिन चालू ठेवण्यासारखं आहे. डिझेल संपतं आणि पहाटे खरी गरज पडते तेव्हा बोट हलत नाही.

उत्तर त्या मुलाच्या हातात होतं. तो सगळं ऐकत नव्हता. शेजारच्या बोटीवर रेडिओ लागला होता, कुत्री भुंकत होती, जेट्टीवर कुणीतरी भांडत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला तीनच गोष्टी हव्या होत्या: हाताखालचा दोर, ते दोन दिवे, गालावरचा वारा. ते तीन ठीक तर सगळं ठीक. म्हणून तो जागा होता आणि तरी शांत होता. मला वाटतं ६८वा श्लोक हेच सांगतोय. इंद्रियं आवरणं म्हणजे कान बंद करणं नव्हे. कशासाठी कान उघडे ठेवायचे हे आधी ठरवणं, आणि बाकीचं वाहून जाऊ देणं. आणि ७०वा श्लोक तर स्पष्टच आहे. समुद्र नद्यांना दार लावत नाही. पाणी येतच राहतं. त्याचं स्थैर्य खोलीमुळे आहे. उथळ पाण्यात मात्र एक ओहोटी पुरते, दगड उघडे पडायला.

पुण्याला परत आल्यावर मी चार गोष्टी केल्या. फोन रात्री सायलेंटच असतो, पण आई, ताई आणि आईच्या शेजारच्या काकू या तीन नंबरांना तो वाजतो. ताईने आणि मी आठवडे वाटून घेतले. माझ्या आठवड्यात ती निश्चिंत झोपते, तिच्या आठवड्यात मी. आईच्या बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या आणि इन्व्हर्टर घेतला, जे खरं तर पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. आणि नांगर ओढून पाहायचा म्हणून महिन्यातून एकदा मी आईला सांगतो, "आज रात्री कधीही एक फोन कर, बघू लागतो का."

पहिल्या दोन महिन्यांत तिने केलाच नाही. "तुझी पूजा असते ना," एवढंच. एकदा 'तो फोन उचलणार नाही' असं मनात बसलं की ते तीन नंबरांच्या सेटिंगने निघत नाही. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. मागच्या महिन्यात एकदा पहाटे पाच वाजता मी आसनावर असताना फोन वाजला. धावत जाऊन उचलला. "काही नाही रे," आई म्हणाली, "बघत होते." आणि लगेच ठेवला. मी परत आसनावर बसलो. त्या दिवशी माळ पूर्ण झाली नाही, पण गेल्या काही महिन्यांतलं सगळ्यात शांत नामस्मरण तेच होतं.

आजचा अभ्यास. तुम्हीही आपापली शांत जागा निवडली असेल. कुणाची पहाट, कुणाचं देवघर, कुणाचा रविवारचा सिंहगड, कुणाचं नुसतं दार लावून बसणं. ती सोडू नका. फक्त आज वेळ काढून तिला काकांचे चार प्रश्न विचारा. वारा फिरला तर ही जागा कशी असेल? पाणी उतरलं तर खाली काय आहे? माझा नांगर कशात रुतलाय, आणि मी तो कधी ओढून पाहिलाय का? माझ्या वर्तुळात कोण येतं? आणि शेवटी एक माझा प्रश्न: मी निजतो तेव्हा जागं कोण असतं, आणि त्याला ते माहीत आहे का?

उद्या श्लोक ७१.

राम कृष्ण हरि.